जुन्या महॉगनी बोटीचा मूळ रंग जुळत नाहीये – जाणकारांची मदत हवी

नदीकाठचा | ४ मार्च

नमस्कार मंडळी,

इथले लाकूडकामाचे धागे गेली कित्येक वर्षं नुसता वाचत आलोय. आता पाणी गळ्याशी आलं म्हणून लिहायला बसलो.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आजोबांच्या शेडमधून १९५१ ची क्रिसक्राफ्ट रिव्हिएरा घेतली. १८ फुटी, सहा सिलिंडरचं ९५ हॉर्सपॉवरचं मूळ इंजिन अजून जागेवर. ही कंपनी आमच्यापासून तासाभरावरच्या, सेंट क्लेअर नदीकाठच्या अल्गोनॅक गावातली. आजोबांनी ती १९८० च्या सुमारास घेतली आणि उत्साहाच्या भरात सगळी घासून वर कुठलासा गडद तपकिरी स्टेन (लाकूड रंगवायचं द्रव्य) फासला. पुढे पंचवीसेक वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती.

तळाच्या फळ्या गेल्या वर्षी बदलल्या, ते रामायण वेगळ्या धाग्यात सांगेन. आता गाडी अडलीय ती बाजूंच्या आणि डेकच्या रंगावर. नाळेवरची (बोटीच्या पुढच्या टोकावरची) क्रोमची पट्टी काढली तेव्हा तिच्याखाली वीतभर जागा अशी सापडली की तिला १९५१ नंतर कुणी हात लावलेला नाही. लालसर, खोल, जुन्या गुळाच्या ढेपेसारखा रंग. मला तो हवाय.

दुकानातून 'महॉगनी' लिहिलेले तीन डबे आणले, तीन तुकड्यांवर लावले. कोरडे असताना एक अगदी जुळला. वर वार्निशचे दोन हात दिले आणि त्याचं टोमॅटो केचप झालं. दुसरा जांभळट दिसतो. तिसऱ्याबद्दल बायको म्हणाली, "हा आपल्या जुन्या टीव्हीच्या कपाटाचा रंग." ते शब्द ऐकल्यावर मी ब्रश धुवून ठेवला.

शिवाय डाव्या बाजूची एक फळी कुजलेली निघाली, ती नवी घातलीय. ती उरलेल्या बाजूत बसायला हवी. आणि या मॉडेलच्या डेकवर मधली फळी आणि कडेच्या फळ्या ब्लीच केलेल्या, फिकट असतात. त्यांचं काय करायचं, हे अजून डोक्यातही घेतलेलं नाही.

कुठे चुकतोय?

शंकासुर | ४ मार्च

काका, एवढा खटाटोप कशाला? टू-पार्ट पीयू (दोन भाग मिसळून लावायचं कडक पॉलियुरेथेन) मारा, दहा वर्षं बघायला नको. रंग काय, पाण्यात गेल्यावर कोण जवळ येऊन बघणार आहे?

काचकागद | ५ मार्च

पुण्यात आमचा जुन्या फर्निचरचा धंदा आहे, तिसरी पिढी. बोट आयुष्यात रंगवली नाही, पण लाकूड लाकूडच. तीन प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं नीट द्या.

१. तुकडे कुठल्या लाकडाचे होते? बोटीच्याच का?
२. तुकड्यावर कितीचा काचकागद मारला होता, आणि बोटीवर कितीचा मारणार आहात?
३. रंग कुठल्या उजेडात बघितला?

आमच्याकडे गिऱ्हाईक शिसवी कपाटाचा दरवाजा घेऊन येतं आणि म्हणतं "असाच दुसरा करा". पोरं कोरड्या रंगावर जुळवायला जातात आणि तोंडावर पडतात. लाकूड ओलं असताना जे दिसतं तेच पॉलिशखाली दिसणार. टर्पेंटाइनचा बोळा फिरवा आणि ओलं असेपर्यंत बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

शंकासुर, पीयूचं उत्तर बोटवालेच देतील, पण आमच्या टेबलावरसुद्धा पीयू एकदा फुटला की पूर्ण खरवडावा लागतो. एवढ्याशा जागेची डागडुजी होत नाही.

नदीकाठचा | ५ मार्च

उत्तरं देताना लाज वाटतेय.

१. तुकडे लाकडाच्या दुकानातले, आफ्रिकन महॉगनीचे, म्हणजे खाया. बोट फिलिपिन महॉगनीची आहे.
२. तुकड्यावर २२०. बोटीवर १२० पर्यंत येऊन थांबलोय.
३. गराजमधल्या एलईडी ट्यूबखाली, रात्री अकरा वाजता.

काचकागद | ५ मार्च

तिन्ही चुकले. अभिनंदन, आता सुधारायला भरपूर वाव आहे :)

२२० ने लाकूड गुळगुळीत होतं आणि रंग कमी पितं. त्याच डब्यातला रंग १२० वर एक छटा गडद बसतो.

मुस्कोकाकाकू | ६ मार्च

मी कॅनडातल्या मुस्कोकाच्या तळ्यांवर. इथे डिचबर्न, ग्रेव्हेट अशा जुन्या बोटींची परंपरा आहे. निवृत्तीनंतर नऊ वर्षं एका वर्कशॉपमध्ये फुकट राबतेय, त्यातली पहिली दोन फक्त घासण्यात गेली.

आधी एक ठरव, बाळा. मूळ रंग म्हणजे कुठला? कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीचा, की सत्तर वर्षांनी पट्टीखाली सापडला तो? हे दोन वेगळे आहेत. त्या पट्टीखाली ऊन पोचलं नाही, म्हणून स्टेन उडालेला नाही, हे खरं. पण वरचं वार्निश तेलाचं आहे आणि तेलाचं वार्निश अंधारात जास्त पिवळं पडतं. तुला दिसणाऱ्या गुळात निम्मा हात त्या पिवळेपणाचा. त्याच्याशी नवा स्टेन जुळवलास आणि वर पुन्हा अंबरसारखं वार्निश चढवलंस, तर पिवळेपणा दोनदा मोजलास. लाल डब्यावर तो पिवळा चढला की केचपच होणार.

म्हणून त्या जागेचे दोन भाग कर. एक तसाच ठेव. दुसऱ्यावरचं वार्निश धारदार स्क्रेपरने हलकेच काढ, खालचा स्टेन खरवडू नकोस. मग तिथे टर्पेंटाइन लाव. जो रंग दिसेल तो तुझा स्टेन. शेजारचा न खरवडलेला भाग म्हणजे शेवट कुठे जायचं त्याचा अंदाज. बोटीवर आणखी जागा शोध: क्लीटखाली (दोर बांधायच्या खुंटीखाली), पायरीच्या पट्ट्यांखाली, डॅशबोर्डच्या मागे. एकाच जागेवर विश्वास ठेवू नको. एकाच बोटीत फळ्या वेगवेगळ्या झाडांच्या असतात.

दुसरं म्हणजे, तू 'स्टेन' म्हणतोस तो नुसता स्टेन नव्हेच. या बोटींना लागतो फिलर स्टेन: तेलात कालवलेली बारीक सिलिका आणि रंगद्रव्य. महॉगनीची छिद्रं उघडी असतात, ती भरली नाहीत तर वार्निशचे बारा हात देऊनही वर खड्डे दिसतात. दुकानातल्या पातळ स्टेनने लाकूड रंगतं, पण छिद्रं रिकामीच राहतात. जुन्या रंगाला जी खोली दिसते ती छिद्रांत बसलेल्या गडद भरणामुळे.

तुकडे बोटीतून काढलेल्या कुजक्या फळीच्या चांगल्या टोकाचे कर. फेकली नाहीस ना?

शंकासुर, पीयूचं सांगते. या बोटीच्या फळ्या पाण्यात फुगतात आणि हिवाळ्यात आकसतात. कडक थर सांध्यावर चिरतो, चिरेतून पाणी आत शिरतं आणि लाकूड काळं पडतं. वार्निश दरवर्षी एक-दोन हात मागतं, पण ते लाकडाबरोबर हलतं.

नदीकाठचा | ६ मार्च

काकू, फळी फेकली नाही! बायको रोज विचारते, त्या सरपणाचं काय करायचं म्हणून. आज तिला उत्तर मिळालं.

देवगडचा_तांडेल | ७ मार्च

आमच्याकडे होडयेक कोण वार्निश मारता? तेल पाजूचा आणि गप रवाचा.

गंमत सोडा. एक गोष्ट सांगतो, कदाचित कुणाला आवडेल. फिलिपिन महॉगनी हे खरं महॉगनी नव्हेच. अमेरिकेतलं खरं महॉगनी स्वीटेनिया, आणि हे शोरिया. मध्य भारतातला आपला साल वृक्षही शोरियाच. त्याच सालाचा डिंक म्हणजे राळ. माझा आजा तेलात राळ कढवून होडीच्या फटींवर घालायचा, त्या वासाने अख्खा वाडा भरायचा. म्हणजे तुमची ती गोरी मडम बोट आमच्या होडीची लांबची भाची लागते.

रंग जुळवायचं मला विचाराल तर शून्य. आमच्याकडे मुशीच्या (लहान शार्कच्या) तेलाने सगळ्या होड्या शेवटी काळ्याच होतात.

रसायनकर | ८ मार्च

रंगाच्या कारखान्यात ३१ वर्षं काढली, आता ठाण्यात आराम. काकूंनी बहुतेक सांगितलंच आहे, थोडी भर घालतो.

रंग दोन जातीचे असतात, डाय आणि पिगमेंट. डाय लाकडात विरघळून मुरतो, पारदर्शक दिसतो, पण बहुतेक डाय उन्हात उडतात. पिगमेंट म्हणजे बारीक भुकटी, मुख्यतः लोखंडाची ऑक्साइडं. आपला गेरू आणि पिवडी याच घराण्यातले. ती उन्हात टिकतात. बोटीला पिगमेंटच हवं. तुमचा जांभळट दिसणारा डबा बहुधा डायचा असणार.

दुसरी गोष्ट उजेडाची. दोन वेगवेगळ्या मिश्रणांचे रंग एका दिव्याखाली तंतोतंत सारखे दिसतात आणि उन्हात वेगळे होतात. साड्यांच्या दुकानात बायका पदर रस्त्यावर नेऊन बघतात, तो शहाणपणा आहे. तुकडे दुपारी सावलीत बघा, मग उन्हात बघा. आणि उभे धरून बघा, कारण बोटीची बाजू उभी असते. आडव्या डेकवर तोच रंग फिकट भासतो.

तिसरं, वार्निश. त्या काळात स्पार वार्निश म्हणजे टंग तेल (एका झाडाच्या बियांचं वाळणारं तेल) आणि फिनॉलिक रेझिन (कृत्रिम राळ). स्वतःच मधाच्या रंगाचं. तुम्ही कुठलं वापरताय? पाण्यासारखं स्वच्छ असेल तर लाकूड गार दिसेल, कितीही स्टेन बदला.

काचकागद | ८ मार्च

नव्या फळीसाठी एक आमची युक्ती: माझे आजोबा नव्या लाकडावर चुन्याची निवळी फिरवायचे, लाकूड एका दिवसात वीस वर्षं म्हातारं व्हायचं. परदेशात यासाठी पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात असं वाचलंय.

मुस्कोकाकाकू | ८ मार्च

काचकागद, निवळी किंवा डायक्रोमेट चालतं ते लाकडात टॅनिन (तुरट द्रव्य) असेल तर. खऱ्या महॉगनीवर छान होतं, पण या फिलिपिनवर मी बघितलं ते डाग-डाग आलेलं. बोटीवर प्रयोग नको.

रसायनकर | ८ मार्च

आणि डायक्रोमेटला हातही लावू नका. त्यातलं क्रोमियम कॅन्सर करतं. घरच्या गराजात, मुलं फिरतात तिथे, अजिबात नाही.

काचकागद | ८ मार्च

शब्द मागे घेतो. चुना फक्त पानाला.

नदीकाठचा | २९ मार्च

तीन आठवड्यांचा हिशेब.

जुन्या फळीचे अकरा तुकडे केले. सगळे १२० ने घासले, प्रत्येकामागे पेन्सिलीने नंबर घातला. बोटींसाठीच बनवलेले दोन फिलर स्टेन मागवले, एक लाल महॉगनी आणि एक तपकिरी. नुसता लाल अजूनही भडक. मग चार भाग लाल, एक भाग तपकिरी. मग तीनास एक. प्रत्येक तुकड्यावर पुढचं सगळं केलं: एक दिवस वाळवला, वार्निशचा पहिला हात निम्मं थिनर घालून, दुसरा पाव भाग, मग दोन हात दाट. बायको म्हणाली, आता जेवणाच्या टेबलावर बोटच वाढ.

पट्टीखालची जागा काकूंनी सांगितल्याप्रमाणे अर्धी खरवडली. खालचा स्टेन माझ्या डोळ्यांना वाटत होता त्यापेक्षा बराच तपकिरी निघाला! लाल दिसत होतं ते जुन्या वार्निशमुळे.

७ नंबरचा तुकडा, म्हणजे तीनास एक, चौथ्या हातानंतर दुपारी दोन वाजता ड्राइव्हवेवर धरला तेव्हा बायकोने पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

दरम्यान म्युझियममधून हल कार्डची (हल म्हणजे बोटीचं धड) प्रत आली. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियमकडे क्रिसक्राफ्टचे कागद आहेत. हल नंबर दिला की कारखान्याचं जुनं कार्ड मिळतं. आमच्या कार्डावर इंजिन नंबर आहे, बोट रवाना झाल्याची तारीख आहे, लाकडाच्या रंगाबद्दल एक अक्षर नाही.

आणि एक गाढवपणाही सांगून टाकतो. पहिल्या दिवशी पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. रात्री नऊला गराजात काहीतरी जळका वास आला. डब्यातून धूर! हात घातला तर मधली चिंधी भाजेल इतकी गरम. बाहेर नेऊन पाण्यात बुडवली. तेव्हापासून चिंध्या कुंपणावर एकेक पसरून वाळवतो.

रसायनकर | २९ मार्च

बरं झालं लिहिलंत. वाळणारं तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापतं. चिंधी पसरलेली असेल तर उष्णता उडून जाते, बोळ्यात ती कोंडते आणि पेट घेते. जवसाच्या तेलालाही हेच लागू, घरी बॅट मुरवणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

मुस्कोकाकाकू | ३० मार्च

७ नंबर चांगला वाटतोय. आता पूर्ण बाजूला लावण्याआधी ऐक. जेवढे डबे लागतील तेवढे आधीच एका बादलीत एकत्र कर, नाहीतर अर्ध्या बाजूला सांधा दिसेल. सिलिका आणि रंग सारखे तळाशी बसतात, दर दोन मिनिटांनी ढवळ. एकाने लावायचं, दुसऱ्याने पुसायचं, एकट्याने करू नकोस. लावताना रेषेच्या दिशेने, आणि चमक जाऊन मातकट दिसायला लागलं की गोणपाटाने रेषेला आडवं पुसायचं. आडवं पुसलं की भरण छिद्रांत दाबलं जातं, उभं पुसलं तर बाहेर ओढलं जातं.

फिकट फळ्या आधी उरक. ब्लीच दोन भागांचं येतं, कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाही. स्क्रूंवरची लाकडी बुचं आधीच बसव, म्हणजे तीही बरोबर फिकट होतील. नंतर व्हिनेगरच्या पाण्याने धू आणि पूर्ण वाळू दे. फिकट फळ्यांवर वार्निशचा एक हात आधी देऊन ठेव. नुसती टेप लावलीस तर लाल स्टेन लाकडाच्या रेषांतून टेपखाली झिरपतो, आणि तो तिथून कधीच निघत नाही.

डेकच्या पांढऱ्या रेघा सगळ्यात शेवटी, वार्निशचे काही हात झाल्यावर.

शंकासुर | ३० मार्च

गोणपाट अमेरिकेत कुठे मिळतं?

नदीकाठचा | ३० मार्च

बागेच्या दुकानात. झाडांची मुळं बांधायला वापरतात. पण माझ्याकडे पटेल किराणातल्या बासमतीच्या दोन गोण्या होत्या. १९५१ ची अमेरिकन बोट बासमतीच्या पोत्याने पुसली जाणार.

काचकागद | ३१ मार्च

पोतं आधी धुवा, कडक वाळवा, धागे झटका. नाहीतर वार्निशमध्ये सुतळ्या.

नदीकाठचा | १९ एप्रिल

दोन्ही बाजू आणि डेकचा स्टेन झाला. मी ब्रशवर, बायको पोत्यावर. पहिल्या फुटावर तिने जरा घाई केली, मातकट व्हायच्या आधीच पुसलं, तेव्हा सगळं पोत्यात आलं आणि लाकूड कोरडंच. दुसऱ्यांदा लावलं. मग तिला बरोबर क्षण सापडला. चमक कडेकडून मावळत येते, जसं सारवलेलं अंगण वाळतं तसं. तेवढ्यात पोतं आडवं फिरवायचं. शेवटी तीच मला "थांब, अजून नाही" म्हणत होती.

नवी फळी मात्र फिकट राहिली. जुन्या फळ्यांच्या शेजारी पट्टा दिसतो.

मुस्कोकाकाकू | २० एप्रिल

अपेक्षित होतं. जुन्या फळीचं लाकूड हवेने आणि उन्हाने आतूनच गडद झालंय, नवीचं नाही. ती फळी थिनरने पूर्ण पुसून काढ. मग तिला आधी तपकिरीचा पातळ हात दे, पुसून दोन दिवस वाळव, मग तुझं तीनास एक. बोटीवर करण्याआधी त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर करून बघ. आणि थोडी गडद झाली तर घाबरू नको, थोडी फिकट राहिली तर जास्त खटकते.

रसायनकर | २० एप्रिल

शिवाय वार्निशखाली नवं लाकूड पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत झपाट्याने रंग बदलेल. आज तंतोतंत जुळवलंत तर पुढच्या वर्षी तीच फळी वेगळी दिसण्याची शक्यता आहे. उन्नीस-बीस सोडून द्या.

नदीकाठचा | २२ जून

वार्निशचे अकरा हात झाले. मेमध्ये थंडीने अडवलं, १० अंश सेल्सिअसच्या खाली वार्निश वाळेचना, एक हात तर दव पडून धुरकट झाला आणि घासून काढावा लागला. काल बोट पाण्यात घातली. दोन दिवस दोरांवर, पंप चालू ठेवून, फळ्या फुगेपर्यंत तशीच राहणार.

रंगाचं: पट्टी परत बसवण्याआधी खालची न खरवडलेली जागा आणि शेजारची बाजू एकत्र बघितली. जुळते. उन्हात बाजूने बघितलं तर नवी फळी ओळखू येते, समोरून नाही. तीनास एकचं प्रमाण, काचकागदाचा नंबर आणि तारीख इंजिनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ आले, बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "छान आहे, पण कारखान्यातून कधीच एवढी चकचकीत निघत नव्हती."

मुस्कोकाकाकू | २२ जून

ते म्हातारे दर धक्क्यावर एक असतात. आणि त्यांचं बरोबरच असतं. कारखाना अकरा हात देत बसला असता तर कधीच बुडाला असता. पुढच्या वर्षी दोनच हात दे.

देवगडचा_तांडेल | २३ जून

पाणी किती घेतलान?

नदीकाठचा | २३ जून

पहिल्या रात्री पंप सारखा चालत होता, आज सकाळी तासाला एकदा. तळ नवा असूनही बाजूच्या खालच्या सांध्यांतून येतंय. कमी होतंय.

शंकासुर | २३ जून

काका, उरलेला स्टेन कुरियर करता का? आमचं डायनिंग टेबल फार फिकट आहे.

काचकागद | २३ जून

लाकूड कुठलं? काचकागद कितीचा मारलास? आणि बघितलंस कुठल्या दिव्याखाली?